दोन नकार: वांडा साइक्सच्या कारकिर्दीचा एक अभ्यास

२९ मे २०१८, मंगळवार. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवरची ‘रोझॅन’ ही कौटुंबिक विनोदी मालिका तेव्हा ऐन भरात होती. १९९७ मध्ये संपलेली ही मालिका दोन दशकांनी, २७ मार्चला, पुन्हा सुरू झाली होती. प्रेक्षकांनी ती अशी उचलून धरली की पहिल्याच आठवड्यात वाहिनीने पुढचा सीझन जाहीर करून टाकला. त्या मंगळवारी मालिकेची नायिका रोझॅन बार हिचं एक ट्वीट देशभर पसरलं. ओबामांच्या सल्लागार राहिलेल्या व्हॅलरी जॅरेट या कृष्णवर्णीय बाईंबद्दलचा तो मजकूर उघडउघड वंशद्वेषी होता. मालिकेच्या लेखकांमध्ये स्टँड-अप कलाकार आणि अभिनेत्री वांडा साइक्स होती, पद कन्सल्टिंग प्रोड्यूसरचं, म्हणजे सल्लागार निर्मातीचं. तिने एका ओळीत जाहीर केलं की ती मालिकेवर परत येणार नाही. काही तासांतच वाहिनीने मालिकाच रद्द केली.

हा क्रम नीट लक्षात ठेवायला हवा. तिने ती ओळ लिहिली तेव्हा मालिका बंद होणार हे ठरलेलं नव्हतं. वर्षातली सर्वांत गाजलेली मालिका होती ती, आणि अशा मालिका वाहिन्या सहजासहजी बंद करत नाहीत. तिचं स्वतःचं काम मात्र तिने त्या ओळीसरशी सोडलेलं होतं.

त्याच वर्षी जानेवारीत तिचा आणखी एक नकार लोकांना कळला होता. ऑस्कर विजेती विनोदी अभिनेत्री मोनीक हिने उघडपणे सांगितलं होतं की नेटफ्लिक्सने तिला एका तासाच्या विनोदी कार्यक्रमासाठी, म्हणजे ‘स्पेशल’साठी, पाच लाख डॉलर देऊ केले आणि इतरांच्या मानाने ही रक्कम अपमानकारक आहे. वांडाने तिचे जाहीर आभार मानले आणि सांगितलं की मला तर त्याच्या अर्ध्याहून कमी देऊ केले होते. ते न घेता ती एपिक्स या केबल वाहिनीकडे गेली होती आणि २०१६ मध्ये तिचा स्पेशल तिथे झाला होता.

पाच महिन्यांच्या आत समोर आलेले हे दोन नकार. एक पैशावरून, दुसरा तत्त्वावरून. पन्नाशी ओलांडलेली एक कृष्णवर्णीय, समलिंगी स्त्री एवढ्या मोठ्या दोन कंपन्यांना ‘नाही’ म्हणते आणि तिचं काम थांबत नाही, हे कसं? धाडस तर होतंच, पण धाडसी माणसं या धंद्यात कमी नाहीत आणि त्यातली कितीतरी नंतर दिसेनाशी झाली. मला याचं उत्तर तिच्या लिहित्या हातात दिसतं. त्यासाठी तीस वर्षं मागे जावं लागेल.

दिवसा सरकारी टेबल, रात्री माइक

वांडाचा जन्म ७ मार्च १९६४ चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. वडील सैन्यात अधिकारी, आई बँकेत. घर पुढे वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये आलं. हॅम्पटन विद्यापीठातून १९८६ मध्ये मार्केटिंगची पदवी घेतल्यावर तिला नोकरी लागली ती एनएसए या सरकारी गुप्तचर संस्थेच्या खरेदी विभागात. काम कंत्राटांचं. पगार महिन्याच्या महिन्याला, पुढे निवृत्तिवेतन, घरचे निश्चिंत.

१९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका बिअर कंपनीने नवोदितांसाठी स्पर्धा भरवली होती. तिथे ती पहिल्यांदा स्टँड-अप करायला उभी राहिली. तिने नोकरीचा राजीनामा मात्र पाच वर्षांनी दिला, १९९२ मध्ये, आणि न्यूयॉर्क गाठलं.

कलावंतांच्या गोष्टी सांगताना ही मधली पाच वर्षं आपण फार भरभर उरकतो. ‘तिने सगळं सोडलं आणि झोकून दिलं’ हे ऐकायला छान वाटतं. वांडाने झोकून दिलं नाही, तिने पाण्याची खोली जोखली. रात्री क्लबात नवे विनोद करून पाहायचे, पडले तर टाकून द्यायचे, आणि सकाळी पुन्हा कंत्राटांच्या कागदांपाशी बसायचं. तिच्या पुढच्या वागण्याची मुळं मला इथे दिसतात. पोट विनोदावर अवलंबून नसल्यामुळे कुठला विनोद ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे तिला स्वतःच्या कानाने ठरवता आलं. शिवाय कंत्राट वाचायची सवय लागली, आणि करमणुकीच्या धंद्यात ती सवय भल्याभल्यांना नसते.

दुसऱ्याच्या तोंडासाठी लिहिणं

न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन्स या प्रसिद्ध कॉमेडी क्लबात तिला ख्रिस रॉक या स्टँड-अप कलाकाराच्या आधी सादरीकरण करण्याची संधी मिळाली. मुख्य कलाकाराच्या आधी येणाऱ्याला ‘ओपनर’ म्हणतात. प्रेक्षक आलेले असतात दुसऱ्यासाठी, अजून खुर्च्या सरकवत असतात, आणि त्यांना पंधरा-वीस मिनिटांत हसतं करायचं असतं. १९९७ मध्ये रॉकचा साप्ताहिक कार्यक्रम एचबीओ या केबल वाहिनीवर सुरू झाला आणि लेखकांच्या चमूत वांडा आली. चमूत जवळपास सगळे पुरुष. कार्यक्रम २००० पर्यंत चालला आणि १९९९ मध्ये त्याच्या लेखनाला एमी हा अमेरिकी टीव्हीचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्कारावर तिचंही नाव आहे.

अमेरिकी टीव्हीत ‘रायटर्स रूम’ ही एक खरीखुरी खोली असते. टेबल, भिंतीवर फळा आणि दिवसभर बोलणारी माणसं. साप्ताहिक कार्यक्रमात त्या आठवड्याच्या बातम्यांवरचं निवेदन, छोटी विनोदी नाटुकली, रस्त्यावर जाऊन केलेल्या मुलाखती हे सगळं या खोलीतून निघतं. कुणीतरी एक ओळ टाकतं, दुसरा तिला कलाटणी देतो, तिसरा शेवट बदलतो. संध्याकाळपर्यंत त्यातलं बहुतेक केराच्या टोपलीत जातं. ‘ही ओळ माझी’ असा हट्ट इथे चालत नाही, आणि स्टँड-अपमधून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच. मंचावर प्रत्येक शब्द त्याचा असतो, पडलाच तर तोही त्याचाच.

त्याहून अवघड म्हणजे दुसऱ्याची लय पकडणं. ख्रिस रॉक मंचावर येरझाऱ्या घालतो आणि मूळ विधान पुन्हा पुन्हा ठासून म्हणतो. प्रेक्षकाच्या डोक्यात ते पक्कं बसलं की मगच फटका मारतो. त्याच्यासाठी लिहायचं तर विधान लहान हवं, ठोक्यात बसणारं हवं, चार वेळा म्हटलं तरी न झिजणारं हवं. वांडाची चाल अगदी वेगळी. अनुनासिक, जराशी वैतागलेल्या आवाजात ती एखादी साधी गोष्ट सांगू लागते, जणू शेजारीण कुंपणावरून बोलतेय, आणि वाक्याच्या शेपटाशी पोचता पोचता तो वैताग फुटतो. ज्याच्या हातात ही एकच चाल आहे त्याला तीन वर्षं दुसऱ्याच्या चालीत लिहावं लागलं, तर एक तर तो पळून जातो किंवा विनोदाची हाडं बघायला शिकतो. वांडा शिकली. ती त्या कार्यक्रमात पडद्यावरही दिसू लागली, पण दारातून आत आली ती लेखक म्हणून.

या खोलीने तिला माणसंही दिली. लान्स क्राउथर हा तिथला सहलेखक. पुढे ‘वांडा ॲट लार्ज’ ही तिची पहिली मालिका उभी करताना तो तिच्याबरोबर होता.

कागद नसलेली मालिका

अभिनेत्री म्हणून तिचा कस लागला तो एचबीओच्याच ‘कर्ब युवर एन्थुझिॲझम’मध्ये, २००१ पासून. त्या मालिकेत संवाद लिहिलेले नसत. प्रसंगांचा काही पानांचा आराखडा असे आणि बोलणं नट जागच्या जागी रचत. वांडा तिथे वांडा म्हणूनच यायची, नायक लॅरी डेव्हिडच्या बायकोची मैत्रीण. लॅरी काहीतरी आचरट करून बसायचा आणि ही त्याला तोंडावर विचारायची.

इथे ‘नुसती अभिनेत्री’ आणि ‘लिहिणारी अभिनेत्री’ यांतला फरक उघडा पडतो. प्रसंग कुठे जाणार आहे हे माहीत असताना समोरच्याला तिथपर्यंत नेणारी ओळ त्याच क्षणी सुचायला हवी, आणि ती समोरच्याचा विनोद खाणारी नको. रायटर्स रूममध्ये तीन वर्षं जे बसून केलं तेच इथे उभ्याने, कॅमेऱ्यासमोर.

पुढे २००६ ते २०१० ‘द न्यू ॲडव्हेंचर्स ऑफ ओल्ड क्रिस्टीन’ मध्ये नायिका ज्युलिया लुई-ड्रायफसच्या मैत्रिणीची, बार्बची भूमिका तिने केली. ही मालिका सीबीएस वाहिनीवर होती आणि तिथे संहिता पक्की असायची. घराघरांत ती ओळखीची झाली ती या भूमिकेने.

जे टिकलं नाही

तिच्या नावाच्या पाट्या लागलेल्या मालिका मात्र फार चालल्या नाहीत. ‘वांडा ॲट लार्ज’ २००३ च्या मार्चमध्ये फॉक्स वाहिनीवर आली. वॉशिंग्टनमधल्या राजकीय चर्चेच्या कार्यक्रमात शिरलेली एक फटकळ स्टँड-अप कलाकार, अशी कल्पना. दुसऱ्या सीझनमध्ये ती शुक्रवारी रात्री ढकलली गेली आणि त्याच वर्षी बंद पडली. २००४ मध्ये कॉमेडी सेंट्रलवर ‘वांडा डझ इट’ आली आणि गेली. नोव्हेंबर २००९ मध्ये फॉक्सवरच शनिवारी रात्रीचा ‘द वांडा साइक्स शो’ सुरू झाला, तोही एका सीझनमध्ये आटोपला.

हे मी मुद्दाम सांगते आहे. लेखणी हातात असली की यश मिळतंच असं हे प्रकरण सांगत नाही. पाट्या उतरल्या तेव्हा ती काय करत होती हे बघण्यासारखं आहे. पहिली मालिका पडली तेव्हा तिच्याकडे ‘कर्ब’ होती. तिसरी पडली तेव्हा मंचावरचा तास होता आणि निर्मितीकडे जाणारा रस्ता होता. एक दोरी तुटली तरी खाली पडायला होऊ नये इतक्या दोऱ्या तिने आधीच बांधून ठेवल्या होत्या. त्या तिन्ही-चारी दोऱ्यांचा पीळ एकच, लिहिणं.

एक तुकडा, जवळून

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये तिने कॅलिफोर्नियात आपल्या जोडीदारणीशी लग्न केलं. ४ नोव्हेंबरच्या मतदानात त्या राज्याने समलिंगी विवाहावर बंदी आणणारा प्रस्ताव मंजूर केला. त्याच दिवशी देशाने पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष निवडला. ज्या दिवसाने तिला अर्धं आकाश दिलं त्याच दिवसाने दुसरं अर्धं काढून घेतलं. अकरा दिवसांनी लास वेगासमधल्या निषेध सभेत ती बोलायला उभी राहिली आणि आपण समलिंगी आहोत, विवाहित आहोत हे तिने पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं.

२००९ मध्ये एचबीओवर आलेला तिचा ‘आय’मा बी मी’ हा स्पेशल वॉशिंग्टनच्याच वॉर्नर थिएटरमध्ये चित्रित झाला होता, ज्या शहरात बावीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माइकसमोर आली त्याच शहरात. त्यातला एक तुकडा मी कितीदा पाहिला असेन. ती म्हणते, कृष्णवर्णीय असण्यापेक्षा समलिंगी असणं कठीण आहे, कारण आपण कृष्णवर्णीय आहोत हे मला आईबापांना कधी सांगावं लागलं नाही. आणि मग ती तेच सांगण्याचा प्रसंग करून दाखवते. मुलगी आईबापांना बसवते, श्वास घेते आणि सांगते की ती कृष्णवर्णीय आहे. आई हादरते, देवाचा धावा करते, तसल्या मैत्रिणींच्या संगतीने असं झालं म्हणते, टीव्हीवरच्या कार्यक्रमांना दोष देते.

याची रचना बघा. समलिंगी मुलांनी घरी सांगितल्यावर आईबाप जे जे म्हणतात ते सगळं जसंच्या तसं ठेवलंय. बदललाय फक्त एक शब्द. मध्ये कुठेही ती थांबून ‘आता कळलं का’ असं विचारत नाही. आईच्या प्रतिक्रिया चढत्या क्रमाने लावल्यात, आधी नकार, मग कारण शोधणं, मग दोष देणं. हा क्रम मंचावर उत्स्फूर्त वाटतो, पण असा क्रम लागतो तो टेबलाशी बसून लावल्यावरच. आणि आई-मुलगी दोघींचे आवाज काढायला अभिनेत्री लागते. स्टँड-अप, लेखक आणि नटी, या तिघी त्या काही मिनिटांत एकाच अंगात उभ्या आहेत. मला तर या तुकड्यात तिची सबंध कारकीर्द दिसते.

त्याच वर्षीच्या ९ मे रोजी व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या भोजन समारंभात ती ओबामांच्या शेजारून बोलली. तो मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री आणि उघडपणे समलिंगी असलेली पहिलीच व्यक्ती. रश लिंबॉ या उजव्या रेडिओ निवेदकावरचे तिचे विनोद अनेकांना झोंबले, टीकाही पुष्कळ झाली. ती पुढच्या कामाला लागली.

मालक होण्याकडे

त्यानंतरच्या दशकात एक गोष्ट हळूहळू घडली, तिची बातमी फारशी झाली नाही. पेज हर्विट्झबरोबर तिने पुश इट प्रॉडक्शन्स ही निर्मिती संस्था काढली. २०१३ मध्ये विनोदी स्त्रियांना मंच देणारा ‘हर्लेरिअस’ हा कार्यक्रम केला. स्टँड-अप कलाकारांच्या ‘लास्ट कॉमिक स्टँडिंग’ या स्पर्धेचे २०१४ आणि २०१५ चे सीझन याच दोघींच्या देखरेखीखाली झाले. २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची सुरुवात सापडून तिने दोन्ही स्तनांची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही मधल्याच काळातलं.

अमेरिकी टीव्हीत लेखकाला चढायला एक शिडी असते. सगळ्यात खाली स्टाफ रायटर, मग स्टोरी एडिटर, मग प्रोड्यूसर या शब्दाचे निरनिराळे हुद्दे, आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. नावात ‘प्रोड्यूसर’ असलं तरी यातले कितीतरी जण मुळात लेखकच असतात. किमान मोबदला लेखकांच्या संघटनेने करारातून ठरवून घेतलेला असतो आणि पुनःप्रक्षेपणाचे पैसेही मिळतात. नटाची शिडी अशी नसते. त्याला दर वेळी कुणीतरी निवडावं लागतं, आणि चाळिशीनंतर बाईला निवडणारे कमी होत जातात. वांडा दोन्ही शिड्यांवर एकेक पाय ठेवून होती आणि मंच तर तिच्या स्वतःच्या मालकीचाच होता.

अर्ध्याहून कमी

आता त्या दोन नकारांकडे परत येऊ.

पैशांचा नकार आधी. ख्रिस रॉक, ज्याच्या खोलीत ती लेखक म्हणून बसली होती, त्याने २०१६ मध्ये नेटफ्लिक्सशी दोन स्पेशलसाठी केलेला करार चार कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या. वांडासमोर आलेली रक्कम अडीच लाखांच्या आत. रॉक मोठा तारा, हे मान्य. पण म्हणून एवढी दरी? एकाच खोलीत एकाच पुरस्कारावर नाव कोरलेल्या दोघांमधली ही दरी पाहिली की पोटात कालवतं. तिला जे द्यायचं ठरलं होतं ते तिच्या कामाचं मोल नव्हतं. तिच्यासारखी बाई एवढ्यावर हो म्हणेल, हा अंदाज होता.

तिने हो म्हटलं नाही, कारण घर त्या चेकवर चालत नव्हतं. ‘ब्लॅकिश’ या विनोदी मालिकेतल्या तिच्या भूमिकेला पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये एमीची नामांकनं मिळाली, निर्मिती संस्था चालू होती, लेखनाची कामं होती. आणि नकारानंतर ती गप्पही बसली नाही. मोनीकवर ‘हिला हाव सुटलीय’ म्हणून टीकेचा भडिमार होत असताना वांडाने आपला आकडा उघड केला. या धंद्यात आकडा सांगणं म्हणजे स्वतःचा भाव स्वतःच जाहीर करणं, तोही पडलेला. त्यामुळे मोनीक एकटी उरली नाही. मोनीकने २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर दावा लावला, २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. तिने केवढी किंमत मोजली हे विसरता कामा नये. पुढे वांडाच्या पदरात जे पडलं त्यात मोनीकच्या आरडाओरड्याचाही वाटा आहे, असं मी मानते.

‘रोझॅन’चा नकार निराळ्या जातीचा. तिथे पैसा चांगला होता, पदही मानाचं. पण लेखकाचं काम म्हणजे नायिकेच्या तोंडात शब्द घालणं. त्या मंगळवारनंतर रोझॅनच्या तोंडात हसरे, प्रेमळ शब्द घालायचे म्हणजे तिच्या त्या ट्वीटवर आपल्या हाताने पांघरूण घालायचं. नट म्हणू शकतो की मी फक्त माझी भूमिका केली. लेखकाला ती पळवाट नाही. म्हणून तिने वाहिनीच्या निर्णयाची वाट पाहिली नाही, असं मला वाटतं. एबीसी एंटरटेनमेंटच्या अध्यक्षपदी तेव्हा चॅनिंग डंगी होत्या, एवढ्या मोठ्या वाहिनीच्या त्या पदावरची पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. मालिका रद्द करण्याची घोषणा त्यांच्याच नावाने झाली.

त्यानंतर

२०१९ मध्ये वांडाचा ‘नॉट नॉर्मल’ हा स्पेशल आला, नेटफ्लिक्सवर. कंपनी तीच, या वेळी देकार तिला पटणारा. त्याला एमीची दोन नामांकनं मिळाली, एक कार्यक्रमाला आणि एक लेखनाला.

त्याच वर्षी ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ या मालिकेत तिने मॉम्स मॅबली साकारली. मॅबली ही विसाव्या शतकातली कृष्णवर्णीय विनोदी कलाकार, न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये विनोद करणारी पहिली स्त्री. ती समलिंगी होती, पण मंचावर यायची ती दात पडलेल्या, ढगळ झगा नि वाकडी टोपी घातलेल्या आजीबाईच्या सोंगात. त्या आजीबाईला काहीही बोलायची मुभा होती, खुद्द मॅबलीला नव्हती. ती टोपी घालून अपोलोच्या मंचावर उभ्या राहिलेल्या वांडाला पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मे २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘द अपशॉज’ सुरू झाली. इंडियानापोलिसमधलं एक कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंब, माइक एप्स या नटाने रंगवलेला घरधनी बेनी, त्याचं गाड्यांचं गॅरेज. मालिकेच्या निर्मात्या म्हणून दोन नावं आहेत, रेजिना हिक्स आणि वांडा साइक्स. बेनीच्या मेहुणीची, लुक्रेशियाची भूमिका वांडाचीच. ती येता-जाता बेनीचा उद्धार करते आणि त्याला निमूट ऐकून घ्यावं लागतं, कारण त्याच्या गॅरेजमध्ये पैसा तिचा गुंतलेला आहे.